जपानच्या उन्हाळ्यात गर्दीपासून लांब कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोत राहायला लागल्यापासून दरवर्षी मार्च उजाडला की पुण्या-ठाण्याहून फोन सुरू होतात. टोकियो, क्योटो, फुजी हे ठरलेलं असतंच. मग हळूच शेवटचं वाक्य येतं: "आणि दोन-तीन दिवस कुठेतरी शांत, गावाकडे." प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतो आहे.

आमची उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा जपानचा उन्हाळा असतो का?

नाही. तेव्हा तिथे वसंत असतो, आणि एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 'गोल्डन वीक'ची सुट्टी. त्या आठवड्यात अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. जपानी उन्हाळ्याची सुरुवात आधी पावसाने होते. त्याला 'त्सुयु' म्हणतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो टोकियो-ओसाकाच्या पट्ट्यात येतो आणि जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आटोपतो. उत्तरेकडच्या तोहोकु भागात तो उशिरा येतो आणि जुलैअखेर जातो. होक्काइदोत त्सुयु जवळजवळ नसतोच.

महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे जूनचे पहिले दहा-बारा दिवस तुमच्या हाती असतात. त्या दिवसांत निघणार असाल तर उत्तरेला जा: तोहोकु किंवा होक्काइदो. तिथे डोंगरमाथ्यांवर अजून बर्फाचे पट्टे दिसतात आणि नुकत्याच लावलेल्या भातखाचरांत आभाळ उतरलेलं असतं. आपल्याकडे लावणी पावसावर अवलंबून, तिथे बरीचशी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. त्यामुळे त्यांची लावणी आपल्या महिनाभर आधी उरकते.

त्सुयु म्हणजे आपला कोसळणारा आषाढ नव्हे. बहुतेक दिवस नुसती चिरचिर आणि दमट हवा असते. पण त्याचा शेवट वाईट असू शकतो. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात याच काळात महापूर आला आणि दरडी कोसळल्या. जुलैच्या पहिल्या तीन आठवड्यांत पश्चिमेकडच्या अरुंद दऱ्यांमध्ये मुक्काम ठेवू नये, असं माझं मत आहे.

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी मिळते. तेव्हा येऊ का?

हा सापळा आहे आणि आपली माणसं त्यात हमखास सापडतात. १३ ते १६ ऑगस्ट हा जपानमध्ये 'ओबोन'चा काळ असतो. पूर्वज घरी येतात ही त्यामागची श्रद्धा, म्हणून सगळं शहर आपापल्या गावी निघतं. आपला पितृपंधरवडा आणि गणपतीला कोकणात जाणारी गर्दी एकत्र केली की अंदाज येईल. ११ ऑगस्टलाही 'पर्वत दिना'ची सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे आठवडा लांबतो. या दिवसांत 'नोझोमी' शिंकानसेनचे (बुलेट ट्रेनचे) सगळे डबे आरक्षित असतात आणि खेड्यातल्या मुक्कामाचे दर चढलेले असतात.

गंमत अशी, की गाव बघायला हाच काळ सर्वांत सुंदर. देवळासमोर मचाण उभारून त्याभोवती म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळे नाचतात. घरोघरी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय ठेवलेली दिसते. पूर्वजांनी घोड्यावरून लवकर यावं आणि परतताना गायीवरून रमतगमत जावं, ही त्यामागची कल्पना. तिकिटं बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला खुली होतात. त्या मिनिटाला मोबाइल घेऊन बसायची तयारी असेल तर या. नाहीतर २० ऑगस्टनंतरचे दहा दिवस धरा. ऊन तेच, गर्दी निम्मी.

खेड्यात गेलो की गार वाटेल ना?

आपोआप नाही. जपानी उन्हाळा दमट असतो, अगदी मुंबईच्या ऑक्टोबरसारखा. दरीच्या तळाशी वसलेली गावं दुपारी टोकियोइतकीच तापतात. गारवा दोनच गोष्टींनी मिळतो: उंची आणि उत्तर. हजार मीटर चढलात की साधारण सहा अंश कमी होतात. नकाशावर हिरवा रंग पाहून ठरवू नका, गावाची उंची बघा. शिवाय जुन्या कौलारू किंवा गवती छपराच्या घरात राहायचं स्वप्न असेल तर तिथे एसी आहे का, हे आधी विचारा. अनेक ठिकाणी पंखा, मच्छरदाणी आणि उदबत्तीसारखी गुंडाळीची मच्छर-अगरबत्ती एवढाच सरंजाम असतो.

'शांत' म्हणजे किती शांत?

हा प्रश्न तुम्ही मला विचारता, पण उलटा मीच तुम्हाला विचारायला हवा. जपानी खेडी शांत आहेत, कारण तरुण माणसं तिथून निघून गेली. शांततेबरोबर तिचं सगळं बिऱ्हाड येतं. शेवटची बस साडेचारला. रात्रीचं जेवण सहाला. एकुलतं एक हॉटेल बुधवारी बंद. सर्वांत जवळचं चोवीस तास चालणारं दुकान पंधरा किलोमीटरवर. म्हणून प्रदेश निवडताना 'काय बघायला मिळेल' याआधी 'कोणती गैरसोय मला चालेल' हे ठरवा. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांचा प्रदेश वेगळा, जे मासे खात नाहीत त्यांचा वेगळा आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा आणखी वेगळा.

मग नेमकं कुठे जावं?

माझ्या मनात पहिलं नाव येतं ते ओकु-आइझुचं. फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम टोकाला तादामी नदीचं खोरं आहे. टोकियोहून शिंकानसेनने कोरियामा, तिथून साध्या गाडीने आइझु-वाकामात्सु आणि पुढे तादामी लाइन. ही रेल्वे नदी ओलांडत ओलांडत १३५ किलोमीटर जाते. जुलै २०११ च्या अतिवृष्टीत तिचे पूल वाहून गेले होते. गावांनी हट्ट धरला, प्रांताने खर्चाचा भार उचलला आणि १ ऑक्टोबर २०२२ ला पूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. मधल्या भागात दिवसाला जेमतेम तीन गाड्या आहेत, म्हणजे वेळापत्रक पाठच करावं लागतं.

उन्हाळ्यात तिथे जायचं ते धुक्यासाठी. नदीचं पाणी थंड असतं, वरची हवा गरम आणि दमट. त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी पाण्यावर पांढरा थर धरतो. मिशिमा गावाजवळच्या टेकडीवरून पहिला पूल दिसतो. दोन डब्यांची गाडी त्या धुक्यावरून जाते तेव्हा सगळे कॅमेरे एकदम वाजतात आणि पुन्हा पाऊणएक तास नुसती सिकाडा. ही किरकिरणारी किडी म्हणजे जपानी उन्हाळ्याचा आवाजच. संध्याकाळी 'हिगुराशी' जातीची किडी ओरडायला लागली की दिवस संपला म्हणायचं. कानेयामा गावात आजही जुन्या धाटणीच्या लाकडी नावेतून धुक्यात फिरवून आणतात. त्याच गावातल्या ओशिओ वस्तीत विहिरीला नैसर्गिक सोडा वॉटर लागतं. फुकट आहे, बाटली भरून घ्या. चव मात्र लिंबू-सोड्यासारखी असेल अशी आशा धरू नका, लोखंडाचा वास येतो. दुपारी इथेही उकडतं, हे लपवत नाही.

दुसरी जागा पुणेकरांसाठी थोडी घरची. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानाची जपानी बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतली आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. ते ओकायामा शहर खेड्यांकडे जाणाऱ्या दोन मोठ्या वाटांचं नाकं आहे. मूळ बाग बघा, एक रात्र काढा आणि सकाळी शिकोकू बेटाकडे जाणारी 'नानपू' एक्स्प्रेस पकडा. सुमारे दोन तासांत ओबोके स्टेशन येतं आणि पुढे ईया खोरं. बाराव्या शतकाच्या अखेरीस लढाई हरलेल्या ताइरा घराण्याची माणसं इथे लपली, अशी आख्यायिका आहे. दरी पाहिली की ती खरी वाटू लागते. वेलींचा झुलता पूल ४५ मीटर लांब आहे आणि दर तीन वर्षांनी नव्याने विणतात. फळ्यांमधल्या फटींतून खाली चौदा मीटरवरचं पाणी दिसतं. दुपारी तिथे सहलीच्या बसगाड्या असतात, म्हणून सकाळी नऊच्या आत जा. खरी शांतता आणखी वर, ओचिआईसारख्या उतारावर टांगलेल्या वस्त्यांत आहे. सर्वांत खालचं आणि सर्वांत वरचं घर यांच्या उंचीत ३९० मीटरचं अंतर. साताऱ्याकडच्या डोंगरवाड्या पाहिलेल्यांना ही घरं ओळखीची वाटतील, फक्त इथे ज्वारीच्या जागी सोबा, म्हणजे कुट्टू, पिकतो. त्याच्या शेवयांनाही सोबाच म्हणतात.

ओकायामाहून दुसरी वाट उत्तरेला, 'याकुमो' एक्स्प्रेसने शिमाने प्रांताकडे. शिमाने आणि शेजारचा तोत्तोरी हे जपानमधले सर्वांत कमी लोकसंख्येचे दोन प्रांत. इवामी गिन्झानची जुनी चांदीची खाण आणि तिच्या पायथ्याचं ओमोरी गाव २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तरी गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. समुद्राची हौस असेल तर ओकी बेटं. बोट दोन ते तीन तास घेते. माथ्यावर गायी-घोडे मोकळे चरतात आणि बाजूला २५७ मीटरचा सरळ कडा. मात्र वारा सुटला की बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ओकीत राहू नका.

निव्वळ गारवा हवा असेल तर पूर्व होक्काइदो. कुशिरोला ऑगस्टमध्येही बहुतेक दुपारी पारा २५ च्या आत असतो, कारण थंड सागरी प्रवाहावरून धुकं आत येतं. फुरानोची लॅव्हेंडरची शेतं सुंदर आहेत, पण जुलैत ती शांत नसतात.

फुकुशिमा सुरक्षित आहे का?

आई-बाबांचा पहिला प्रश्न हाच असतो. फुकुशिमा हा क्षेत्रफळाने जपानमधला तिसरा मोठा प्रांत आहे. २०११ चा अणुभट्टीचा अपघात पूर्व किनाऱ्यावर झाला. ओकु-आइझु पश्चिमेला, डोंगररांगांपलीकडे, शंभर किलोमीटरहून लांब आहे. काही भाग आजही बंद आहेत, पण ते भट्टीच्या आसपासचे.

शिराकावागोला का पाठवत नाही?

कारण तुम्ही शांत जागा मागितलीत. गवती छपरांची घरं अप्रतिम आहेत, पण सकाळी दहा ते चार तिथे जत्रा असते. जायचंच असेल तर तिथे मुक्काम करा. शेवटच्या बसनंतरचं गाव वेगळंच असतं.

गाडीशिवाय जमेल का?

कोयासानला (मठांचं गाव, शाकाहाराच्या प्रश्नात पुढे येईल) सहज. ओकु-आइझुत वेळापत्रक सांभाळून. ईयात ओढाताण होते, पूर्व होक्काइदोत बरंच हुकतं.

गाडी घ्यायची असेल तर भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. भारतीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्याचा असतो, जपानमध्ये तो चालतो. मूळ लायसन्स आणि पासपोर्टही सोबत ठेवा. जपानमध्ये डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे सवय लगेच होते. दोन गोष्टी मात्र अंगवळणी पाडा. रेल्वे फाटकावर, फाटक उघडं असलं तरी, गाडी पूर्ण थांबवायची. आणि दारूचा एक घोटसुद्धा नाही. शिक्षा चालवणाऱ्याला होतेच, शेजारी बसलेल्यालाही होऊ शकते. डोंगरातले रस्ते एकाच गाडीपुरते अरुंद असतात, म्हणून सर्वांत छोटी 'केइ' गाडी घ्या.

बसने जाणार असाल तर साधारणपणे चढताना यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना त्या आकड्यासमोरचं भाडं पेटीत टाकायचं. शहरातलं सुइका कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासकार्ड) खेड्यातल्या बसमध्ये चालेलच असं नाही. चिल्लर आणि हजार येनच्या नोटा बाळगा. रोख संपली तर टपाल कार्यालयातल्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतं.

आम्ही एकदा सोब्याच्या दुसऱ्या वाटीच्या मोहात चार वाजून दहाची बस चुकवली. सात किलोमीटर चालत मुक्कामी पोचलो. यजमान आजी दारात उभ्या होत्या आणि जेवण गार झालं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मुळातली अडचण मांस नाही, 'दाशी' आहे. सुकवलेल्या बोनिटो माशापासून केलेलं हे सार मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूपमध्ये, सोब्याच्या रसात, भाजीच्या रश्शात, सगळीकडे असतं. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर यजमान मांस काढून टाकतात आणि माशाचं पाणी तसंच राहतं. त्यात लबाडी नसते, त्यांच्या हिशोबात तो पदार्थ शाकाहारीच असतो. म्हणून बुकिंग करतानाच लिहा: "निकु मो, साकाना मो, दाशी मो ताबेमासेन." म्हणजे मांस, मासे आणि दाशी यांपैकी काहीच खात नाही. ऐनवेळी पोचून सांगू नका. जवळ भाजीबाजार नसतो आणि आजी बिचाऱ्या ओशाळतात.

घरात दोनापेक्षा जास्त कडक शाकाहारी असतील तर मी सरळ कोयासान सुचवतो. वाकायामा प्रांतात, सुमारे आठशे मीटर उंचीवर, देवदारासारख्या 'सुगी' वृक्षांच्या जंगलात मठांचं गाव आहे. कोबो दाइशी, म्हणजे कुकाई, या बौद्ध भिक्षूंनी ते ८१६ मध्ये वसवलं. पन्नासेक मठांत मुक्काम करता येतो आणि 'शोजिन' जेवण मिळतं. यात मासे-मांस नाहीच, परंपरेने कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींसाठी एवढी सूचना, की मुळा, बटाटा आणि इतर कंदमुळं भरपूर असतात. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी ओकुनोइनच्या दोन किलोमीटरच्या स्मशानवाटेवर हजारो मेणबत्त्या लावतात. गर्दी होते, पण कोणी आवाज चढवत नाही.

आणखी एक कारण आहे. वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ पासून सहकार्याचा करार आहे आणि कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. जंगलातल्या त्या डोंगरावर बाबासाहेब भेटतात तेव्हा माझ्या कित्येक पाहुण्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

बाकी ठिकाणी थंड टोफू, उकडलेल्या सोयाबीन शेंगा आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला भाताचा गोळा यांवर दिवस निघतो. ईयात बटाटा, टोफू आणि कोन्याकू (कंदाच्या पिठाची घट्ट जेली) काडीला लावून मिसो फासून भाजतात, ते छान लागतं. थेपले आणि चिवडा बॅगेत असू द्या. हापूस आणू नका, ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात.

ऑनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांत, खरंच कपड्यांशिवाय जावं लागतं?

हो, पण बहुतेक ठिकाणी बायका आणि पुरुष वेगळे असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मग कुंडात. संकोच वाटत असेल तर 'काशिकिरी' विचारा. एका कुटुंबाला पाऊण-एक तास आतून कडी लावून घेता येते. माझ्या आत्याने पहिल्या दिवशी साफ नकार दिला होता. तिसऱ्या दिवशी ती पहाटे पाचला एकटीच जाऊन बसली.

अस्वलं, किडे, वादळं?

अस्वलं खरी आहेत. २०२५ मध्ये तोहोकुतल्या अकिता आणि इवाते प्रांतांत त्यांचे हल्ले फार वाढले, होक्काइदोत तर मोठं तपकिरी अस्वल असतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलवाटेवर जाऊ नका, काठीला घंटा बांधा आणि गावातला सूचनाफलक बघा. शिकोकूत अस्वलं अगदी मोजकी उरली आहेत, क्युशूत नाहीतच. मला विचाराल तर ऑगस्टमध्ये जास्त त्रास नदीकाठच्या गोमाश्या आणि मोठ्या गांधीलमाश्यांचा. काळे कपडे आणि अत्तर टाळा. वादळांचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो. वेधशाळा काही दिवस आधी सांगते आणि गाड्याही आधीच जाहीर करून बंद ठेवतात, तेव्हा 'बघू, जाऊन तर बघू' करू नका.

आई-बाबांना झेपेल का?

विचारायचं ते पायऱ्यांबद्दल आणि जमिनीवर बसण्याबद्दल. तातामीच्या (गवती चटयांच्या) खोलीत गादी जमिनीवर असते, जेवणाचं मेजही बुटकं. खुर्ची आणि पलंग मिळतील का, हे आधी लिहून विचारा, बरेच जण सोय करतात. यामागाता प्रांतातल्या हागुरो डोंगराला २,४४६ दगडी पायऱ्या आहेत. वर वाहनानेही जाता येतं, हे लोकांना ठाऊक नसतं.

किती रात्री राहावं? रेल्वे पास घ्यावा का?

एकाच गावात तीन. पहिला दिवस पोचण्यात जातो, दुसऱ्या दिवशी तुम्ही अजून शहराच्या वेगात असता. दोन प्रदेश एकाच सहलीत कोंबू नका.

सात दिवसांचा देशभराचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. एका प्रदेशात राहणाऱ्याला तो बहुधा परवडत नाही. तोहोकु किंवा शिकोकूचे प्रादेशिक पास बघा. मोठ्या बॅगा 'ताक्क्युबिन' कुरियरने पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवा आणि खेड्यात पाठीवरच्या पिशवीनिशी जा.

बुकिंग रद्द करायचं झालं तर?

लगेच कळवा, आणि उशीर होणार असेल तरीही. छोट्या 'मिन्शुकु'मध्ये (घरगुती मुक्कामाच्या जागेत) दोन-तीनच खोल्या असतात आणि तुमच्या नावाने सकाळीच भाजी चिरलेली असते. फोनवर जपानी जमत नसेल तर आदल्या मुक्कामाच्या हॉटेलमधल्या माणसाला सांगा, तो तुमच्या वतीने फोन करून देतो. न कळवता न जाणारा पाहुणा त्या गावात बरीच वर्षं लक्षात राहतो, आणि पुढच्या भारतीय पाहुण्याला खोली देताना तो आठवतो.